चाल कुणाची, हे तुम्ही विचारलंत म्हणून

नाट्यपदांच्या कार्यक्रमांत मी पेटीच्या साथीला बसतो आणि पदांच्या मध्ये थोडं बोलतोही. खाडिलकरांच्या ‘मानापमान’ या संगीत नाटकातलं पद आलं की आधी त्याच्या चाली बांधणाऱ्या गोविंदराव टेंब्यांचं नाव घेतो. मध्यंतरात मग कुणीतरी गाठतंच. “अहो, दर वेळी टेंबे, टेंबे काय लावलंय? चाली काय त्यांच्या होत्या? बैठकीत गायच्या हिंदी ठुमऱ्या, दादरे, कजऱ्या उचलल्या. शब्द खाडिलकरांचे, गळा बालगंधर्वांचा. मग टेंब्यांनी केलं काय?”

विचारणारे अडाणी असते तर मी हसून सोडून दिलं असतं. ते चांगले कानसेन असतात, त्यांना मूळ ठुमऱ्याही ठाऊक असतात, म्हणून जास्त लागतं. उभ्या उभ्या, हातात बशी धरून याचं उत्तर देता येत नाही. आज बसून देतो. भामिनी ही ‘मानापमान’ची नायिका आणि धैर्यधर नायक, हे तुम्हाला सांगायला नको.

१२ मार्च १९११ची गोष्ट सगळे सांगतात. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी बालगंधर्वांचं मूल गेलं आणि तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. सांगावीच अशी गोष्ट आहे. पण त्या रात्री ते जे गायले ते त्यांच्या गळ्यात कुणी घातलं, हे सांगायला कुणाला सवड नसते. त्याआधी किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ केलं तेव्हा नाटककारच चाली धरत असे. साकी, दिंडी, कीर्तनातलं, लावणीतलं, कानडीतलं, जे कानावर असेल ते. खाडिलकरांच्या वेळी मात्र चालींचं काम एका वेगळ्या माणसाकडे गेलं. ते टेंबे: कोल्हापूरचा, गायक भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसणारा, तिशीही न गाठलेला पेटीवाला. खाडिलकरांच्या पदांना कविता म्हणून नावं ठेवतात. ठेवा. शब्दांनी चालीच्या मापात बसायचं असा तो कारभार होता, हेही जरा लक्षात घ्या.

मी पेटीवाला आहे म्हणून पेटीवाल्याची बाजू घेतो, असंही म्हणतात. घेतो. १९४० साली रेडिओनं पेटीच बंद करून टाकली होती. आमची बाजू आम्ही नाही घेतली तर कोण घेणार?

तरुणपणी मी एका स्मरणिकेत लेख लिहिला होता. टेंबे हे मराठी रंगभूमीचे पहिले संगीतकार, असं बेधडक विधान आणि खाली आणखी एक वाक्य: मूळ चिजा, म्हणजे ती हिंदी गाणी, हा नुसता कच्चा माल. त्या वाक्यावर मी फार खूश होतो. कार्यक्रमांतही ते फेकायचो, टाळ्या यायच्या.

असंच एकदा सांगलीकडे एका छोट्या सभागृहात फेकलं. कार्यक्रम संपला, गायिकेभोवती गर्दी झाली, मी आत पेटी आवरायला घेतली. दारात एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या, नातवाचा हात धरून. सत्तरीच्या पुढच्या असाव्यात.

“पेटी मिटू नका,” म्हणाल्या. “जरा सूर द्या.”

कुठला, विचारलं तर म्हणाल्या, “आता आवाज खाली गेलाय. काळी एक धरा.”

प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या आणि मी नुकतंच वाजवलेल्या पदाचाच मुखडा, म्हणजे पहिली ओळ, मूळ ठुमरीच्या हिंदी शब्दांत गायल्या. कुठलं पद ते इथं लिहीत नाही, पुढची सगळी भांडणं त्याच एका पदावर होतील. आवाज फाटलेला होता, पण समेवर अशा येत होत्या की तबला नसतानाही मला ठेका ऐकू यायला लागला. एकच ओळ, पण दर वेळी वेगळी. ओळीतल्या ‘ना’वर थांबून एकदा रुसल्या, एकदा चिडल्या, एकदा नुसत्या थकल्या. पाचसहा आवर्तनं झाली तरी पुढे सरकायचं नाव नाही. ठुमरीला घाई नसते. नातू मोबाईल बघत होता.

मला आत कुठेतरी आनंदच झाला, खोटं कशाला सांगू. माझा मुद्दा त्या आपणहून सिद्ध करत होत्या. त्या थांबल्यावर मी म्हणालो, “आक्का, हे बघा, टेंब्यांनी काय केलं.” आणि पद वाजवून दाखवलं. नाटकात एक जण गातो तेव्हा दुसरा समोर उभा असतो. त्याला पुढचं वाक्य बोलायचंय. अर्धा तास एका ओळीत रेंगाळून चालत नाही. म्हणून मुखडा तोच ठेवला, पण लय उचलली. भटकणं काढून टाकलं. अंतरा, म्हणजे मुखड्यापुढचा भाग, सरळ वर नेला आणि मोजक्या जागा मोकळ्या सोडल्या, की तिथं नटानं हवं तेवढं गावं आणि वन्स मोअर आला तरी नाटक कोसळू नये. रुसवा आहे, पण तो आता कुणाही नायिकेचा नाही, भामिनीचा आहे. श्रीमंत बापाची पोर जशी रुसेल तसा.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मान डोलावली.

“छान वळवलीय. हुशार माणूस.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“एवढं सांगता ना लोकांना, मग आमचं का सांगत नाही?”

“तुमचं म्हणजे?”

“ज्यांच्या गळ्यातनं आली त्यांचं. तुमच्या टेंब्यांनी आमच्याच घरात ऐकली असं मी म्हणत नाही. कुठं ऐकली देवाला ठाऊक. माझ्या मावशीनं मला दिली, मावशीला तिच्या उस्तादांनी. पण कच्चा माल?” तो शब्द त्यांनी सावकाश उच्चारला. “मावशीनं एका ‘ना’साठी मला दोन महिने रडवलं होतं.”

मी म्हणालो, “आक्का, त्या गायिकांची नावं माहीत नाहीत हो कुणाला.”

“विचारली होती का कुणी?”

बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता. नातवानं उठवलं आणि त्या गेल्या. पेटी मिटायची राहून गेली होती. संयोजक येऊन म्हणाले, हॉल दहाला सोडायचाय.

त्यानंतर मी मनातल्या मनात त्यांच्याशी बरंच भांडलो. टेंब्यांनी काही लपवलं नव्हतं. त्या काळच्या छापील नाटकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाणं देण्याची रीतच होती. टेंब्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक वाचा, ऐकलेल्या गाण्याविषयी हा माणूस किती जीव टाकून लिहितो ते दिसेल. थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांचं तर त्यांनी चरित्रच लिहिलं. इतरांचं ऋण मानायला ज्याची ना नव्हती, त्याला तुम्ही उचलेगिरीच्या पिंजऱ्यात उभं करता?

पण आक्का मनातही ऐकत नाहीत. ‘चाल’च्या त्या ओळीत चिजेचे शब्द असतात, गाणारीचं नाव नसतं. खाँसाहेबांचं चरित्र होतं. मावशीचं?

बरं, त्यांचं म्हणणं मान्य करायचं तर तिथंच थांबता येत नाही. गायकनट मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी ‘मानापमान’ची काही पदं आपल्या ढंगानं पार नवी करून टाकली. त्यांना कुणी मध्यंतरात अडवून विचारत नाही, मास्टर, यात तुमचं काय? केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन गायकनट १९२१ साली संयुक्त ‘मानापमान’साठी एकत्र उभे राहिले, त्या रात्रीविषयी आपण अजून हळहळत बोलतो. तिथं गोष्ट दोन गळ्यांची असते. गळ्याला आपण सगळं माफ करतो. पावत्या मागायच्या त्या पेटीवाल्याकडे.

टेंबे गातही होते. १९३२ साली प्रभात कंपनीनं ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला तेव्हा हरिश्चंद्र तेच आणि संगीतही त्यांचंच. पार्श्वगायन तेव्हा नव्हतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहून स्वतःच गायचं. म्हणजे चाल त्यांची, गळा त्यांचा, चेहरासुद्धा त्यांचा. तरी चित्रपटाचा विषय निघाला की लोक त्यातल्या नायिकेबद्दल, दुर्गा खोट्यांबद्दल बोलतात. आता यावर मी काय बोलू!

तो स्मरणिकेतला तरुण मी अजून अधूनमधून डोकं वर काढतो. म्हणतो, निवडणं हेसुद्धा रचणंच आहे. शेकडो ठुमऱ्या ऐकलेल्या माणसाला या प्रवेशाला हीच हवी हे कळतं, तिथंच संगीतकार जन्मतो. हे त्याचं मला आजही पटतं. ‘पहिले’ हा शब्द त्यानं जरा कमी जोरात उच्चारावा, इतकंच. आणि ‘कच्चा माल’ मी आता म्हणत नाही. पटलं म्हणून सोडला की आक्कांच्या धाकानं, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

हल्ली पदाआधी मी मूळ मुखड्याची दोन आवर्तनं पेटीवर वाजवतो. सांगतो, ही कुणा बैठकीच्या गायिकेच्या गळ्यातून आलेली ओळ, नाव आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. मग टेंब्यांचं नाव, मग पद. संयोजक कुरकुरतात, निवेदन लांबतं म्हणून. आणि तुमच्यातला कुणीतरी लगेच टाळी मागतो: “बघा, आता तुम्हीच कबूल केलंत, चाल उचललेली!”

कबूल वगैरे काही केलेलं नाही. मुखडा कुठून आला तेवढं सांगितलं. अंतऱ्याविषयी बोलायचं असेल तर पेटीपाशी या, वाजवून दाखवतो.