वाक्यात न आलेला ऑक्सिजन

माझी भाची दहावीला आहे. केमिस्ट्रीचं तयार इक्वेशन बॅलन्स करायला, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करायला दिलं की पटापट करते, पण तीच रिअॅक्शन शब्दांत आली की पेन तोंडात. 'मॅग्नेशियमची फीत हवेत जाळली असता पांढरी भुकटी मिळते, समीकरण लिहा.' मावशी, यात ऑक्सिजन कुठंय? आणि खरंच की, वाक्यात तो कुठेच नाहीये, 'हवेत' म्हटलं त्यातच तो आला असं पुस्तकाने धरून टाकलंय. बरं हवेत ७८ टक्के तर नायट्रोजन असतो, मग तो का नाही घ्यायचा? तर तोही घुसतो थोडा, मॅग्नेशियम नायट्राइड थोडंसं बनतंच, पण दहावीचं पुस्तक तिकडे काणाडोळा करतं आणि मला ते चालतं, एका वेळी एकच भानगड बरी.

लग्नाहून आलेली काकू साड्या सांगते, जेवण सांगते, कोण रुसलं ते सांगते, फक्त बिल कोणी भरलं ते सांगत नाही, तशी असतात ही वाक्यं. जे डोळ्याला दिसलं तेवढंच त्यात असतं. म्हणून मला वाटतं की हा गणिताचा प्रकारच नाही, ही चौकशी आहे, आणि ट्यूशनमधे नेमकी तीच शिकवत नाहीत, थेट वीस इक्वेशन पाठ करायला देतात.

आम्ही मग क्रियापदं पकडायला लागलो. 'बुडबुडे आले' म्हणजे गॅस सुटला. कुठला? चुनखडीवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवर हायड्रोक्लोरिक अॅसिड टाकलं असेल तर कार्बन डायऑक्साइड, आणि सोबत कॅल्शियम क्लोराइड आणि पाणी, पण पाणी आधीच पाण्यात असल्याने कोणाला दिसत नाही आणि वर्णनात येत नाही. जस्तावर डायल्यूट, म्हणजे पाणी घातलेलं, सल्फ्युरिक अॅसिड टाकलं असेल तर हायड्रोजन, आणि तो एकटा लिहायचा नाही, जोडीनेच लिहायचा, एच टू. 'चुन्याची निवळी दुधाळ झाली' म्हणजे न विरघळणारं काहीतरी तयार झालं, तेच परत कॅल्शियम कार्बोनेट. 'निळा रंग जाऊन फिकट हिरवा आला' म्हणजे मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्यात लोखंडी खिळा टाकलाय, तांबं बाहेर आणि लोखंड आत, खिळ्यावरचा तांबूस थर म्हणजे तेच बाहेर पडलेलं तांबं. 'तापलेल्या लोखंडावरून वाफ सोडली' इथे तर ती म्हणाली, वाफेचा फॉर्म्युला काय? अगं पाणीच ते, एच टू ओ! तीन लोखंड, चार पाणी, एक काळं ऑक्साइड, चार हायड्रोजन, सुरेख बसतं.

पण मला खरी मजा विशेषणांत येते. तांब्यावर नायट्रिक अॅसिड टाकलं, एवढं वाचून लोक लिहायला सुटतात. अॅसिड कॉन्सन्ट्रेटेड म्हणजे तीव्र असेल तर तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, डायल्यूट असेल तर मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड, ज्याला रंगच नाही. एका तांब्यामागे चार अॅसिड किंवा तीन तांब्यांमागे आठ, म्हणजे अॅसिडआधीचा एक शब्द गाळला तर अख्खी ओळ गेली. हे दहावीला नाहीये, मीच हौसेने सांगितलं आणि भाचीने ऐकून घेतलं, बिचारी.

बॅलन्सिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फॉर्म्युल्याच्या आधीचा आकडा बदला, आतल्या खालच्या बारीक आकड्याला हात लावू नका, नाहीतर पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि कागदावर सगळं जुळलेलं दिसतं.

तशी पूर्वी सगळी केमिस्ट्रीच शब्दांत चालायची. जाँ बेगँ या फ्रेंच माणसाने १६१५ मधे रिअॅक्शनची आकृती काढली असं सांगतात, पण तीसुद्धा शब्दांचीच, आणि आज आपण वापरतो ती अक्षरांची चिन्हं स्वीडनच्या बर्झेलियस या केमिस्टने १८१३-१४ च्या सुमारास रूढ केली, म्हणजे मधली दोनशे वर्षं लोकांनी ही पाल्हाळ वाक्यंच वाचली. भाचीला हे ऐकून जरा बरं वाटलं.

आणि आपण राहतो बडोद्यात. सयाजीरावांच्या काळात १८९० मधे इथे कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, १९०७ मधे अॅलेम्बिक ही केमिकल-औषधांची कंपनी, आता शहराभोवती रिफायनरी, खतांचे, केमिकलचे कारखाने. बाजव्याकडे जीएसएफसी या खत कंपनीत अमोनिया बनतो, नायट्रोजन एक, हायड्रोजन तीन, अमोनिया दोन, कागदावर आठवीतलं पोरही बॅलन्स करेल. पण तो बनवायच्या हाबरच्या पद्धतीत लोखंडाचा कॅटॅलिस्ट, म्हणजे रिअॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ, लागतो, साधारण ४०० ते ५०० डिग्री सेल्सिअस तापमान लागतं, १५० ते २०० अॅटमॉस्फिअरचा दाब लागतो, आणि इतकं करूनही सगळा गॅस एका फेरीत अमोनिया होत नाही, उरलेला परत फिरवावा लागतो. हे सगळं बाणाच्या वर-खाली बारीक अक्षरात लिहायचं असतं. भाची ते लिहीत नाही. त्याला अर्धा मार्क असेल तर सांग म्हणते.