ओहोटीच्या वेळी ओरेमची खाडी

पणजीच्या कदंब बसस्थानकावर सावंतवाडीची बस चुकली, की पुढचा तास-दीड तास कसा घालवावा, हा प्रश्न मला पूर्वी पडत असे. आता त्या वेळात मी पाटोच्या बाजूने बाहेर पडून ओरेमच्या खाडीकडे जातो. मांडवीतून आत शिरून पाटो आणि फोंताइन्हास यांच्यामधून जाणारा हा पाण्याचा चिंचोळा फाटा बसस्थानकापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

फोंताइन्हासची पिवळी-निळी घरे पाहण्यासाठी येणारे बहुतेक पर्यटक पादचारी पूल ओलांडतात, छायाचित्रे काढतात आणि खाडीकडे पाठ फिरवून गल्लीत शिरतात. त्यांना दोष देता येणार नाही, कारण ओहोटीला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत सुकतीला, खाडीत पाण्याऐवजी काळा चिखल दिसतो, त्याला वास येतो आणि त्यात प्लास्टिकही रुतलेले असते. माझे मत मात्र असे, की खाडी पाहायची तर सुकतीलाच. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याने घड्याळ पाहून नव्हे, तर तिथी पाहून येथे यावे लागते.

पाणी उतरले, की तिवरांच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली शेकडो मुळे उघडी पडतात. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून हे झाड मुळांची टोके वर काढून हवा घेते, आणि मुळांतून आत आलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते; हाताशी येईल असे पान जिभेला लावून पाहिल्यास खारट लागते (मी पाहिले आहे, पण पान शहरातल्या खाडीचे असल्याने कोणी अनुकरण करू नये). या मुळांच्या मधल्या जागेत एकच नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे वावरत असतात. मोठी नांगी फक्त नराला असते आणि मादीला बोलावण्यासाठी तो ती सारखी वर-खाली हलवतो; खाण्यासाठी मात्र ती निरुपयोगी असल्याने बिचाऱ्याला दुसऱ्या, लहान नांगीनेच चिखल तोंडात घालावा लागतो. त्यातला खाण्याजोगा अंश काढून घेतल्यावर उरलेल्या चिखलाच्या बारीक गोळ्या बिळाभोवती पडलेल्या दिसतात.

निवटी दिसायला थोडा धीर लागतो. डोक्यावर डोळे असलेला हा मासा छातीच्या परांवर रेटत चिखलावरून चालतो आणि अंग ओले असेपर्यंत त्वचेतून व तोंडाच्या आतल्या अस्तरातूनही श्वास घेतो. ठाणे-रायगडकडच्या कोळी-आगरी घरांत त्याचे कालवण आवडीने केले जाते; येथे तो ढोकरीच्या वाट्याला जातो. ढोकरी मातकट पिसांमुळे चिखलात मुळीच ओळखू येत नाही, पण उडाली की एकदम पांढरी होते. हिवाळ्यात शेपटीकडचा भाग सतत हलवत काठाकाठाने फिरणारा तुतवारही भेटतो. खंड्या तर बहुधा विजेच्या तारेवरच बसलेला असतो, तिवरावर नव्हे.

खाडीच्या तोंडाशी असलेल्या पाटो पुलापासून रायबंदरकडे जाणारा बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली, व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात घातला. तीन किलोमीटरहून जास्त लांबीच्या त्या रस्त्यावरून आज गाड्या धावतात. त्या बाजूची मिठागरे आणि तिवरांचे पट्टे पाहायचे तर वेगळा दिवस काढावा लागेल.

भरती सुरू झाली, की पाणी वरून खाली येणाऱ्या नदीसारखे वाहत नाही, तर चिखलातल्या चरांतून मुकाट्याने आत येते. ते जवळ आल्यावर तोच खेकडा बिळात उतरतो आणि चिखलाचा एक गोळा ओढून घेऊन दार आतून बंद करतो. गेल्या महिन्यात एकामागून एक बंद होणारी ही दारे मोजत उभा राहिलो आणि माझी दुसरी बसही चुकली.