सरक ना

आत्याच्या तोंडून सहज निघून गेलं. तुरीचा भाव, पाहुण्यात मोडलेली सोयरीक, लाईटची बोंब असं चाललं होतं आणि मध्येच म्हणाली, "तू तर आतून बोलायलीस की गं. आवाजावरनंच काढलं तुला. नाहीतर कुणाला ठावं, कुठं हायस ते."

मी म्हटलं, मी तर झोपेत होते ना?

"झोपंत कुठली? भांडायलीस. सरक ना, सरक ना, म्हणून."

मग तिच्याकडं कुणीतरी आलं आणि तिनं फोन ठेवला.

आमच्या घरात माझी गोष्ट ठरलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. घरावरचं मातीचं माळवद खाली आलं. दादानं सगळं बघितलं. आणि ही? ही झोपेत होती. काढली तेव्हासुद्धा झोपेत. हिला काही कळलंच नाही, नशीबवान पोरगी. पुनर्वसनाच्या गावात कुणी भेटायला आलं की दादाला जवळ घ्यायचे, डोळे पुसायचे, आणि माझ्या हातात बिस्किटाचा पुडा द्यायचे. दादा रात्री ओरडत उठायचा तेव्हा अख्खं घर उठायचं. माझं अंथरूण ओलं व्हायचं, तो मात्र आळस. किल्लारीच्या आजूबाजूची बावन्न गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली, त्यात बिस्किटाच्या पुड्याचं काय घेऊन बसायचं, हे मला कळतं. पण आज राग आला. दुःखाची वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला झोप आली.

बरं, तीही खरी नाही.

फोन झाल्यापासून मला ते ऐकू येतं. सरक ना. माझाच आवाज, बारीक, चिडका. तोंडात माती. उजवा हात कशाखाली तरी. आणि बाजूला कुणीतरी आहे, जे सरकत नाही.

आता यातलं माझं किती? तोंडात माती होती हे आमच्याकडचा प्रत्येक माणूस सांगतो. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर माती. दर पावसाळ्याआधी वरून थर द्यायचे, गारवा राहायचा. पणजोबांच्या हातची मातीसुद्धा त्या पहाटे आमच्या अंगावर आली, हे वाक्य दादाचं, मी ते कॉलेजात स्वतःचं म्हणून वापरलंय. ३ वाजून ५६ मिनिटं तर मला पेपरानं सांगितली. मग 'सरक ना' तेवढं माझं कसं? आत्यानं सांगण्याआधी ते कुठं होतं?

रात्री झोप नव्हती म्हणून वाचत बसले. एलिझाबेथ लॉफ्टस या बाईंचा १९९५ सालचा प्रयोग. चोवीस लोकांना त्यांच्या लहानपणच्या चार गोष्टी दिल्या, नातेवाइकांकडून गोळा केलेल्या. तीन खऱ्या, चौथी बनावट, मॉलमध्ये हरवल्याची. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ती बनावट गोष्टही थोडीफार आठवली. वाचून आधी हायसं वाटलं, मग जास्तच वाईट. खोटी आठवण आपुलकीच्या माणसाच्या तोंडूनच येते म्हणे. पण तसं असेल तर झोपेची गोष्टही आपल्याच माणसांनी दिलेली. ती मला इतकी वर्षं स्वच्छ 'आठवत' होती. गोधडी, ऊब, सगळं.

समुपदेशक मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, उकरू नका. मुद्दाम आठवायला बसलात की मन काहीतरी आणून देतंच. आलं तर लिहून ठेवा, खरं-खोटं लगेच ठरवू नका, आणि अंग काय करतं तेवढं बघा.

अंगाचं सांगायचं तर, आमचा पलंग भिंतीला लावलेला नाही. खोलीच्या मधोमध आहे, येणारा प्रत्येक जण अडखळतो. पांघरूण तोंडावर घेत नाही, थंडीतही नाही. फ्लॅट घेताना बेडरूममध्ये माळा नको म्हणून बिल्डरशी भांडले. कारण विचारलं तेव्हा म्हणाले, झाडायला त्रास होतो. माळवदाखालनं निघालेल्या बाईनं माळ्यावरच्या जळमटांचं कारण द्यावं!

आजी माझ्या एका बाजूला झोपायची. दुसऱ्या बाजूला चिऊ. आदल्या वर्षी, १९९२ साली, जमीन गुरगुरायची म्हणून लोक बाहेर झोपायचे. पुढे सवय झाली आणि सगळे आत आले. बाहेर डास चावतात म्हणून रडलं कोण होतं, ते... नको. ते आज नको.

कुणाला म्हणत होते मी? आजीला 'सरक' म्हणायची माझी टाप नव्हती.

सकाळी चहा घेताना याला सगळं सांगितलं. मला वाटलं गंभीर होईल, पाठीवर हात वगैरे ठेवेल. तर म्हणाला, "अगं, तू अजून म्हणतेस की. रोज रात्री. मी सरकतो. सरकून सरकून पडायच्या बेताला आलोय, आणि तुझ्या पलीकडं अर्धा पलंग रिकामा."

मी हसले. खरंच हसले, चहा सांडेपर्यंत. आख्खं घर अंगावर पडलं तरी मी जागेवरून भांडत होते. आणि या लोकांनी मला गरीब, झोपाळू पोरगी करून ठेवलं. नशीबवान बिशीबवान काही नाही, मी कटकटी होते आणि त्या कटकटीपायी सापडले. याची सवय व्हायला वेळ लागेल. पण बिस्किटाच्या पुड्यापेक्षा हे बरं आहे.

मग अर्धा पलंग रिकामा, हे पुन्हा आठवलं.

दुपारी दादाला मेसेज टाकला. मी त्या दिवशी आतून बोलत होते का? निळ्या टिका लगेच आल्या. बराच वेळ टायपिंग, मग बंद, मग पुन्हा टायपिंग. शेवटी आलं, "तुझं तोंड बंद असतं का कधी." आणि त्याखाली, "इकडं ये. फोनवर नाही सांगणार."

म्हणजे सांगण्यासारखं आहे.

शनिवारचं लातूर गाडीचं तिकीट बघितलं. एकच बर्थ शिल्लक, तोही मधला. वर फळी, खाली फळी आणि मध्ये मी. एसटीनं जाईन.