आमची वाटचाल : आधी परख, मग किंमत

नाशिकच्या सराफ बाजारात वडिलांनी खड्यांचा व्यापार सुरू केला, तेव्हा दुकानात दहापट भिंग आणि वजनकाटा एवढंच होतं. जयपूरहून आलेला माल ते पांढऱ्या कागदावर पसरून सकाळच्या उजेडात निवडायचे. त्यांची नजर पक्की होती. पण बाजारात येणारा मालच बदलू लागला, म्हणून मी मुंबईत रत्नशास्त्र शिकलो आणि परतल्यावर रिफ्रॅक्टोमीटर (खड्यात प्रकाश किती वळतो, म्हणजे वक्रीभवनांक, मोजणारं यंत्र) व सूक्ष्मदर्शक घेतला. तेवढ्या पैशात बराच माल आला असता. तरी वडिलांनी अडवलं नाही.

पुष्कराज म्हणून आलेला पिवळा खडा रिफ्रॅक्टोमीटरवर १.७६ च्या आसपास दिसला तर कुरुंद (पुष्कराज आणि माणिक ज्याचे प्रकार आहेत ते खनिज), १.५५ च्या आसपास दिसला तर बहुधा सुनेला, म्हणजे पिवळा स्फटिक (क्वार्ट्झ). हे काम झटपट होतं.

माणकाचं तसं नाही. कारखान्यात बनलेलं माणिक रसायनानं, कठीणपणानं आणि वक्रीभवनांकानं खाणीतल्या माणकासारखंच असतं; फरक शोधायचा तो आत. ज्योतीत भुकटी वितळवून वाढवलेल्या खड्यात वाढीच्या रेषा वक्र असतात, कधी वायूचे बुडबुडेही दिसतात. खाणीतल्या माणकात त्या रेषा सरळ, कोनात वळलेल्या असतात आणि पुष्कळदा रुटाइल या खनिजाच्या बारीक सुयाही. ऑगस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं ही ज्योतीची पद्धत १९०२ साली जाहीर केली. त्यामुळे 'पणजीची अंगठी, म्हणजे माणिक अस्सलच' असं धरून चालता येत नाही. अशी अंगठी आली की आम्ही घरच्यांनाच सूक्ष्मदर्शकापाशी बसवतो आणि रेषा दाखवतो. पणजीला कुणी फसवलं असेलच असं नाही, हेही आवर्जून सांगतो; ही माणकं उघडपणेही विकली जात.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शिसेयुक्त काच भरलेल्या माणकांची. भेगा काचेनं बुजवल्यानं खडा स्वच्छ दिसतो, पण फिरवला की आत निळसर चमक उठते. कारागिराच्या झोतानं किंवा तेजाबानं ही काच खराब होते आणि खड्याची रयाच जाते. असा माल आम्ही विकत नाही. तपासायला आला तर चिठ्ठीवर ठळक लिहून देतो, म्हणजे पुढे दुरुस्तीच्या वेळी कारागीर सावध राहतो. तेल भरलेल्या पाचूचंही तसंच लिहितो.

या चिठ्ठीनंच आमचा जम बसला. खडा कुठूनही घेतलेला असो, तपासणीचं शुल्क सारखंच. आता शेजारचे सराफही कोंदणात बसवण्याआधी खडे आमच्याकडे पाठवतात.

अलीकडे प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांबद्दल फार विचारणा होते. उष्णतावहन तपासणारं आमचं छोटं यंत्र त्यांनाही हिराच म्हणतं, कारण ते हिरेच असतात. खाणीतला कोणता ते त्याला सांगता येत नाही. म्हणून असे नग आम्ही मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतो आणि अहवाल हाती येईपर्यंत किंमत बोलत नाही.