नळीत न गोठणारे रक्त

दिंडोरी तालुक्यातले एक कुटुंब नाशिकमध्ये शरणपूर रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांच्याजवळ दुसरीकडचा एक रिपोर्ट होता. त्यात आठ वर्षांच्या मुलाचा एपीटीटी, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ, १८० सेकंदांपेक्षा जास्त असल्याचे छापलेले होते आणि त्याखाली कोणीतरी पेनाने ‘हिमोफिलिया?’, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार असावा का, एवढेच लिहिले होते. टॉन्सिलची ठरलेली शस्त्रक्रिया त्या प्रश्नचिन्हापायी पुढे ढकलली गेली होती. रिपोर्ट हातात पडल्यापासून मुलाचे शाळेत जाणे आणि सायकल चालवणे बंद झाले होते, आणि दात घासायलाही घरचे त्याला भीत भीतच देत होते.

प्रत्येक प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा तिच्या रसायनानुसार थोडी बदलते, पण आमच्याकडे ती साधारण २५ ते ३५ सेकंद आहे. त्यामुळे १८० हा आकडा कोणालाही घाबरवणारच होता. तरीही असा आकडा समोर आला की मी आधी मशीनकडे न जाता रुग्णाशी बोलते. या मुलाचे दुधाचे दात पडले तेव्हा रक्त लगेच थांबले होते. लसीच्या जागी कधी गाठ आली नव्हती आणि सांधे कधी सुजले नव्हते. मागच्या वर्षी द्राक्षबागेत मांडवाची तार लागून त्याच्या कपाळाला खोक पडली होती. गावाजवळच्या दवाखान्यात टाके घातले आणि घरी पाठवले, दुसऱ्या दिवशी पट्टी कोरडीच होती. मी त्याचे गुडघे पाहिले. खरचटल्याच्या जुन्या खुणा भरपूर होत्या, पण काळानिळा डाग एकही नव्हता. हिमोफिलियाचा मुलगा, विशेषतः ज्याचा एपीटीटी इतका लांबला आहे असा, आठ वर्षांचा होईपर्यंत इतका कोरा राहत नाही.

चौकशी चालू असताना आजी एकाएकी म्हणाल्या, “माडम, हा आजार आईकडून येतो म्हणे. आमच्यात कुनाला असलं काई नाई.” मुलाची आई खाली मान घालून बसली होती. हिमोफिलियाचे दोषयुक्त जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि ते बहुधा आईकडून मुलाकडे येते, ही गोष्ट खरी आहे; ती कोणीतरी त्यांना अर्धवट सांगितली होती आणि घरात तिचा व्हायचा तो परिणाम झाला होता. वंशावळ काढायची म्हणून मी नवराबायकोचे आधीचे काही नाते आहे का ते विचारले. वडील म्हणाले, “मामाचीच मुलगी आहे, मॅडम.” म्हणजे सुनेचे माहेर हे आजींचेही माहेरच होते. आजींनी क्षणभर विचार केला आणि दोष भावजयीच्या घराण्यावर ढकलून दिला.

तपासणीत नेमके काय घडते हे इथे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते आणि त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण राखावेच लागते. सायट्रेट रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होते आणि वेळ खोटी लांबते; सलाइनच्या नळीतून रक्त घेतले आणि त्यात हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा अंश राहिला तरी तसेच होते. आमच्याकडे चुकीच्या भरलेल्या नळ्या बऱ्याचदा येतात आणि मी त्या परत पाठवते, त्यावरून लोक रागावतात तो भाग वेगळा. नळी फिरवून पेशी खाली बसवल्या की वरचा प्लाझ्मा ३७ अंशांना फॉस्फोलिपिड आणि सिलिकासारख्या पदार्थाबरोबर काही मिनिटे ठेवतात, मग कॅल्शियम क्लोराइड घालतात आणि गुठळी होईपर्यंतची सेकंदे मोजतात.

आमच्या टेक्निशियनने मुलाच्या दंडातून नव्याने रक्त घेतले, नळी बरोबर खुणेपर्यंत भरली. पीटी, म्हणजे गोठण्याची दुसरी वाट तपासणारी चाचणी, १३ सेकंद; ती सामान्य. फायब्रिनोजेन आणि प्लेटलेटही सामान्य. एपीटीटीला मात्र मशीनने आकडाच दिला नाही, गुठळी झाली नाही एवढाच इशारा दिला. अशा वेळी मी जुन्या पद्धतीने काचेच्या नळीत हाताने तपासते. पाणी ३७ अंशांवर ठेवून, हातात स्टॉपवॉच घेऊन, नळी दिव्यासमोर हळूहळू कलती करायची आणि तिच्यातला पिवळसर द्रव कधी थबकतो ते पाहायचे. सामान्य प्लाझ्मात अर्ध्या मिनिटात आधी बारीक धागा दिसतो आणि लगोलग सगळा द्रव थिजतो. इथे तीन मिनिटे उलटून गेली तरी द्रव पाण्यासारखा इकडून तिकडे जात होता. वैद्यकशास्त्र शिकलेल्या माणसालाही ते पाहताना अस्वस्थ वाटते. बाहेर बसलेल्या मुलाचे भरून आलेले गुडघे नुकतेच पाहिलेले असूनही.

पुढची पायरी मिक्सिंगची. रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसांचा एकत्र केलेला प्लाझ्मा सारख्या प्रमाणात मिसळून वेळ पुन्हा मोजायची. रक्त गोठवणाऱ्या, क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या प्रथिनांपैकी एखादा घटक कमी असेल तर निरोगी प्लाझ्मा तो पुरवतो आणि वेळ सुधारते; त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड असतील तर बहुधा सुधारत नाही. घटक आठविरुद्धचे प्रतिपिंड सावकाश काम करतात, म्हणून मिश्रण दोन तास ३७ अंशांना ठेवून पुन्हा पाहावे लागते. या मुलाची वेळ लगेच ३३ सेकंदांवर आली आणि दोन तासांनीही तिथेच राहिली. म्हणजे कमतरता नक्की, आणि पीटी सामान्य असल्यामुळे ती आठ, नऊ, अकरा किंवा बारा या घटकांपैकी कशाची तरी, नाहीतर त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्रिकॅलिक्रीन किंवा तत्सम प्रथिनाची. आठ आणि नऊ आम्ही इथेच मोजले. दोन्ही व्यवस्थित होते. हिमोफिलिया म्हणजे याच दोघांपैकी एकाची कमतरता, त्यामुळे तो तिथेच बाद झाला. उरलेल्यांसाठी प्लाझ्मा गोठवून, ड्राय आइसमध्ये घालून मुंबईला पाठवला. अकरा सामान्य आला आणि बारा एक टक्क्याहूनही कमी.

घटक बाराला हॅगमन घटक असेही म्हणतात. जॉन हॅगमन हे अमेरिकेत रेल्वेत काम करणारे गृहस्थ. त्यांचेही रक्त शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत नळीत गोठेना, पण रक्तस्रावाचा त्रास त्यांना कधीच नव्हता, आणि १९५५ मध्ये रॅटनॉफ आणि कोलोपी यांनी या घटकाचे वर्णन केले. घटक बारा काच किंवा सिलिकाच्या पृष्ठभागाला लागून जागा होतो आणि नळीतली सगळी साखळी त्याच्यापासून सुरू होते. शरीरात जखम झाली की मात्र सुरुवात पेशींवरच्या टिश्यू फॅक्टरपासून आणि घटक सातपासून होते. पुढे तयार झालेले, गुठळी घडवणारे थ्रॉम्बिन घटक अकराला स्वतःच जागे करते, बाराची वाट पाहत नाही. म्हणून बारा नसला तरी माणसाला रक्तस्राव होत नाही. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात तर हा घटक मुळात नसतोच. रिपोर्टवरचा सर्वांत भीतीदायक आकडा रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत निरुपद्रवी निघावा, असे या तपासणीत घडू शकते. उलट घटक आठ तीस टक्के असलेल्या सौम्य हिमोफिलियात एपीटीटी सामान्याच्या काठावर राहतो आणि डोळ्यांतून निसटतो. शस्त्रक्रियेआधी सरसकट सर्वांची ही तपासणी करण्यापेक्षा रक्तस्रावाचा नीट इतिहास घ्यावा, असे मला वाटते ते यामुळेच.

निकाल सांगायला मी सगळ्यांना एकत्र बसवले. हा दोष एक्स गुणसूत्रावरचा नाही आणि मुलाकडे तो आई आणि वडील अशा दोघांकडून आलेला असतो, हे सांगितल्यावर वडिलांनी आधी पत्नीकडे पाहिले. आतेमामे भावंडांचे लग्न असल्यामुळे दोघांकडे तो एकाच पूर्वजाकडून, बहुधा आजींच्या आईकडून किंवा वडिलांकडून, आलेला असण्याची शक्यता मोठी आहे, हेही मी सांगितले. आजी थोडा वेळ हिशेब करत राहिल्या. “म्हंजे आमच्याच माहेराकडून की ओ,” त्या म्हणाल्या, आणि भावजयीचे नाव पुन्हा निघाले नाही. आपले रक्त तपासून घेण्याचा आग्रह मात्र त्यांनी धरला. वाहकाच्या, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलेल्या माणसाच्या, शरीरात हा घटक साधारण निम्मा असतो आणि तेवढ्याने एपीटीटी बिघडत नाही, हे सांगूनही त्यांनी ऐकले नाही. त्यांचा आकडा सामान्य आला आणि तो कागद त्यांनी घडी घालून कनवटीला लावला.

भूलतज्ज्ञांचा फोन आला तेव्हा त्यांचा रोख प्लाझ्मा चढवण्याकडे होता. त्याची गरज नाही, असे मी लेखी दिले, आणि टॉन्सिलची शस्त्रक्रिया इतर कोणत्याही मुलाची व्हावी तशी झाली. मुलाच्या वहीत एक कार्ड चिकटवून दिले आहे. त्यावर घटक बाराची कमतरता, रक्तस्रावाचा धोका नाही, आणि पुढे कधी हेपॅरिन द्यावे लागले तर त्याची मात्रा एपीटीटीवरून ठरवू नये, हेपॅरिनचा परिणाम वेगळ्या पद्धतीने मोजणारी अँटी-टेनए तपासणी करावी, एवढे लिहिले आहे. धाकटी बहीणही तपासली. तिचा एपीटीटीही लांबलेला आहे, तिच्यासाठी तसेच दुसरे कार्ड केले.