श्नोंगरिमच्या डोंगराखाली मोजणी करताना

मेघालयातील ईस्ट जैंतिया हिल्स जिल्ह्यात श्नोंगरिम नावाची चुनखडीची डोंगररांग आहे. तिच्या पोटात तीस किलोमीटरहून अधिक लांबीची क्रेम लियात प्राह ही गुहा आहे, आणि तिच्या आसपासचे अजून कागदावर न उतरलेले बोळ शोधून मोजण्याचे काम हिवाळ्याच्या अखेरीस, पावसाळ्यात तुडुंब भरणारे भूमिगत ओढे ओसरलेले असताना, चालते. अशाच एका मोहिमेत मला मोजणीच्या तुकडीत काम करायला मिळाले. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये फिरून तयार झालेल्या माझ्यासारखीला तिथले सगळेच नवे होते. पण सर्वांत पटला तो तिथला नियम, की न मोजता पुढे जायचे नाही. आधी धावत शेवट गाठायचा आणि मोजणी नंतर कोणीतरी करील असे म्हणायचे, तर ती मोजणी बहुधा कोणीच करत नाही.

मोजणीसाठी आमच्याकडे डिस्टोएक्स हे मुठीत मावणारे लेझर यंत्र होते. ते अंतर, दिशा आणि उतार एकाच वेळी घेते आणि ब्लूटूथने टॅबलेटवर पाठवते. मात्र गुहेत शिरण्याआधी त्याचे कॅलिब्रेशन करावे लागते: गाड्या आणि पत्र्याची छपरे यांपासून दूर उभे राहून यंत्र चौदा दिशांना रोखायचे, प्रत्येक दिशेला ते चार कुशींवर फिरवायचे आणि अशा 56 नोंदी घ्यायच्या. काम कंटाळवाणे आहे, पण दिशेत एका अंशाची चूक राहिली तर शंभर मीटरवर बिंदू पावणेदोन मीटर सरकतो, हे एकदा लक्षात आले की कंटाळा करवत नाही. आत गेल्यावरही डोक्यावरचा दिवा आणि कमरेच्या लोखंडी कड्या यंत्राजवळ येणार नाहीत, याची काळजी घ्यावी लागते.

तिघांच्या तुकडीत पुढचा माणूस स्टेशन, म्हणजे मोजणीचा बिंदू, निवडतो. तो बिंदू मागून दिसला पाहिजे, तिथून पुढचा लांबचा पल्ला दिसला पाहिजे आणि यंत्र त्याला टेकवता आले पाहिजे. म्हणून खडकाचा पुढे आलेला कोपरा उत्तम. त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, कारण ओल्या खडकावर ते टिकते. दोन स्टेशनांमधले माप लागोपाठ तीन वेळा घेऊन तिन्ही जुळली तरच ते धरायचे, आणि मग त्याच जागेवरून डावी-उजवी भिंत, छत आणि तळ यांची मापे घ्यायची.

हे सगळे झटपट होते. वेळ जातो तो तिसऱ्या माणसाचा, म्हणजे चित्र काढणाऱ्याचा, आणि तुकडी त्याच्याच गतीने चालते. यंत्र आल्याने मोजणी सोपी झाली, रेखाटन नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. एका ठिकाणी ओढा डाव्या भिंतीखाली नाहीसा होत होता आणि आम्ही छातीभर पाण्यात उभे होतो. चित्र काढणारी ताई मात्र शांतपणे वरच्या कोरड्या बोळाच्या भिंतीवर प्रकाश टाकून पाहत होती. भिंतीवर शिंपल्याच्या आकाराचे उथळ खळगे होते. वाहत्या पाण्याने कोरलेल्या अशा खळग्यांची उभी बाजू प्रवाहाच्या वरच्या अंगाला असते. त्यावरून पूर्वी पाणी आजच्या उलट दिशेने वाहत असल्याचे तिने ठरवले, नकाशात तसा बाण काढला, तिथला आडवा छेद घेतला आणि मगच आम्हाला पुढे सोडले. थंडीने माझे दात वाजत होते, हे तिच्या गावीही नव्हते.

संध्याकाळी तळावर सर्व आकडे सर्व्हेक्स या संगणक-प्रणालीत भरले जात. एक बोळ फिरून जुन्याच स्टेशनाला येऊन मिळाला की वर्तुळ पूर्ण होते आणि कामाची खरी परीक्षा होते, कारण मापे अचूक असतील तर शेवटचा बिंदू पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. तो थोडा सरकतोच. ही तफावत सर्व्हेक्स सगळ्या मापांत वाटून टाकते. म्हणूनच वाटणी होण्याआधीचा आकडा पाहावा लागतो, नाहीतर एका मापातली ढोबळ चूक चांगल्या मापांतही पसरते. आमचे सुमारे तीनशे मीटरचे वर्तुळ मीटरभराच्या तफावतीने जुळले, तेव्हा त्या पाण्यात घालवलेला वेळ सार्थकी लागला.

निघण्याआधी आम्ही गुहेची रेघ उपग्रहचित्रावर चढवून गावच्या वाहेह श्नोंगना, म्हणजे मुखियांना, दाखवली. गुहा किती लांब आहे यात त्यांना फारसा रस नव्हता. ओढा कोणत्या शेतांखालून जातो आणि चुनखडीची खाण त्याच्यापासून किती अंतरावर आहे, एवढेच त्यांनी बारकाईने विचारले आणि नकाशाची छापील प्रत मागितली. आडवे छेद शाईत उतरवून ती प्रत पूर्ण करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे.