फ्रिजवरचा कागद

शुक्रवार, २५ ऑगस्ट २०२३
फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया

संध्याकाळी ऑफिसचा लॅपटॉप मिटत होतो, तेवढ्यात लेक जिना उतरून खाली आली. बोलली काहीच नाही, नुसता फोन माझ्यासमोर धरला. नायनर्सनी, म्हणजे आमच्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने, ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून खेळ चालवणारा तो) डॅलसला देऊन टाकलं होतं. बदल्यात मिळाला चौथ्या फेरीचा एक पिक, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, ड्राफ्टमध्ये, एक खेळाडू निवडायचा हक्क.

चौथ्या फेरीचा. मी ते दोनदा वाचलं.

ती परत वर गेली. मी स्वयंपाकघरातला तो खण उघडला, ज्यात आपण जुनी बिलं, रबरबँड, पेनांची टोपणं टाकत राहतो. कागद तिथेच होता. गणिताच्या वहीतलं फाडलेलं पान, कडेला चुंबकाचा गोल डाग. वर लेकीच्या अक्षरात, नायनर्सनी ड्राफ्टमध्ये कुणाला घ्यावं याची आमची तिघांची तीन नावं. २०२१च्या एप्रिलमध्ये हा कागद महिनाभर आमच्या फ्रिजवर होता. ती तेव्हा पाचवीत होती, रविवारच्या मराठी शाळेत जायची, म्हणून हट्टाने देवनागरीत लिहिलेलं.

आजोबा – मॅक. कारन नेम चांगला.
मी – जस्टिन. कारन बरगडी मोडून पन सहा.
बाबा – ट्रे. कारन बाबाला तो आवडतो.

आजोबा म्हणजे आमच्या शेजारचे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, कँडलस्टिक पार्क या जुन्या मैदानाच्या दिवसांपासूनचे नायनर्सचे भक्त. लेक लहानपणापासून त्यांना आजोबाच म्हणते आणि आता त्यांनाही दुसऱ्या नावाने हाक मारलेली चालत नाही.

तो वसंत आठवला की अजून छातीत धडधडतं. आधीचा मोसम वाईट गेला होता. सोळापैकी सहाच सामने जिंकलो होतो. क्वार्टरबॅक जिमी गॅरोपोलो बराच काळ जखमी होता. कोविडमुळे सॅंटा क्लारा काउंटीने खेळांवर बंदी घातल्याने घरचे शेवटचे सामनेसुद्धा अॅरिझोनात जाऊन खेळावे लागले. आणि त्याआधीची जखम तर वेगळीच. फेब्रुवारी २०२०चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. चौथ्या क्वार्टरमध्ये कॅन्सस सिटीवर २०-१० अशी आघाडी, आणि शेवटी ३१-२० असे हरलो. त्यात शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना एमॅन्युएल सँडर्स बचावाच्या मागे मोकळा सुटला होता. गॅरोपोलोने उंच फेकलेला चेंडू त्याच्या हातांच्या पुढे जाऊन पडला. तेवढा एक पास सापडला असता तर! पुढच्या वर्षी आम्ही जे जे भांडलो, त्या सगळ्याच्या मुळाशी तो जमिनीवर पडलेला चेंडू होता.

म्हणून २६ मार्च २०२१ला बातमी आली तेव्हा आम्ही तिघं अक्षरशः घरांमधून बाहेर धावलो. नायनर्सनी मायामीला आपला बारावा क्रमांक दिला, २०२२चा आणि २०२३चा पहिल्या फेरीचा हक्क दिला, वर तिसऱ्या फेरीचा एक, आणि त्या बदल्यात घेतला तिसरा क्रमांक.

पुण्याच्या भावाला हे समजावताना मी आयपीएलच्या लिलावापासून सुरुवात करतो, आणि लगेच सांगतो की हे तसं नाही. इथे बोली लागत नाही. कॉलेजातून येणारी मुलं सात फेऱ्यांत वाटली जातात. गेल्या वर्षी जो संघ सगळ्यात खाली, त्याची पाळी सगळ्यात आधी, म्हणजे दुबळ्याला आधी ताट वाढायचं. हे पाळीचे हक्क संघ आपापसांत विकू-बदलू शकतात. तर आम्ही पुढची दोन ताटंसुद्धा गहाण टाकून तिसरी पाळी घेतली होती, तीही एका क्वार्टरबॅकसाठी. पहिले दोघं ठरल्यासारखेच होते, ट्रेव्हर लॉरेन्स जॅक्सनव्हिलला आणि झॅक विल्सन जेट्सना. आमच्यासाठी उरले तिघं.

महिनाभर रोज संध्याकाळी ड्राइव्हवेवर सहा फूट अंतर ठेवून तीन घडीच्या खुर्च्या आणि तीन बाजू.

आजोबांचं म्हणणं मॅक जोन्स. अलाबामाचा मुलगा, सगळे सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला, शंभरातले सत्त्याहत्तर पास जोडीदाराच्या हातात पोचवणारा. "जो मोंटानाच्या हातात कुठे जोर होता? १९७९ला तिसऱ्या फेरीत, ८२ नंबरला मिळाला तो. नेम आणि वेळ, बाकी काही लागत नाही," हे ते नायनर्सच्या त्या जुन्या महान क्वार्टरबॅकबद्दल रोज सांगायचे. आणि रोज मला ते खरं वाटायचं, घरात येईपर्यंत.

लेकीचा जस्टिन फील्ड्स, ओहायो स्टेटचा. १ जानेवारीला क्लेम्सनविरुद्धच्या सामन्यात त्याच्या बरगड्यांवर असा घाव बसला की तो मैदानावर वाकडाच झाला. तो उठला, आणि त्या सामन्यात त्याने सहा टचडाऊन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, फेकले. लेकीने ते माझ्या मांडीवर बसून बघितलं होतं. तिच्या दृष्टीने तिथेच निकाल लागला. ३० मार्चला तर ती रडलीच. त्या दिवशी फील्ड्सचा प्रो डे होता, म्हणजे संघांसमोर पळून-फेकून दाखवायचा दिवस, आणि आमचे कोच काइल शॅनहन त्याच दिवशी अलाबामाला मॅक जोन्सला बघायला गेले. "त्याच्याकडे कुणी गेलंच नाही का?" असं ती सारखी विचारत होती.

आजोबांनी तिला त्या दिवशी जे सांगितलं ते मी इथे लिहून ठेवतो. स्वतःचं मत मॅकच्या बाजूने असूनही त्यांनी तिला सांगितलं की काळ्या क्वार्टरबॅकना वर्षानुवर्षं "तू पळतोस छान, दुसऱ्या जागेवर खेळ" असंच म्हटलं गेलं. वॉरन मूनला १९७८च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, त्याला कॅनडात जाऊन खेळावं लागलं. "तेव्हा तू जस्टिनसाठी भांड," ते म्हणाले, "माझ्याशीसुद्धा भांड." मला ते त्या दिवशी फार मोठे वाटले.

आणि माझा ट्रे लान्स. मिनेसोटातल्या मार्शल नावाच्या छोट्या गावचा. त्याच्याच राज्याच्या विद्यापीठाला तो बचावपटू म्हणून हवा होता, क्वार्टरबॅक म्हणून नाही. म्हणून तो नॉर्थ डकोटा स्टेटला गेला, फार्गोला, दुय्यम गटात. २०१९मध्ये तिथे सोळाच्या सोळा सामने जिंकला. २८७ पास फेकले, २८ टचडाऊन, आणि एकही चेंडू समोरच्यांच्या हाती दिला नाही. एकही नाही! मग कोविड आला, आणि २०२०मध्ये त्याच्या वाट्याला एकच सामना आला. म्हणजे वीस वर्षांच्या त्या मुलाचा पुरावा जेमतेम एका मोसमाचा. आजोबा म्हणायचे, "एका चाचणीच्या मार्कांवर तू बोर्डाचा निकाल लावतोयस." मी म्हणायचो, पण चाचणीत शंभरपैकी शंभर आहेत ना?

खरं सांगायचं तर आकडे मी नंतर गोळा केले. आधी मला मार्शल आवडलं. मी चाळीसगावचा. ज्या कॉलेजात शिकलो त्याचं नाव मुंबईतल्या मुलाखतींमध्ये तीनदा सांगावं लागायचं. समोरचा माणूस अर्जावरून नजर वर न उचलता "हे कुठे आलं?" विचारतो, तेव्हा कानशिलं कशी गरम होतात ते मला माहीत आहे. फार्गोचा मुलगा तिसरा निवडला जावा असं मला वाटत होतं, ते नायनर्ससाठी कमी आणि त्या प्रश्नासाठी जास्त. लेकीने हे दहाव्या वर्षी ओळखलं होतं. कागदावर तिने तेच लिहिलं आहे.

एका संध्याकाळी आमचं चाललं होतं, कुणाची उंची किती, कुणाचा तळहात किती इंच, चाळीस यार्ड किती सेकंदांत, आईवडील काय करतात. बायको चहा घेऊन बाहेर आली. थोडं ऐकलं आणि मला मराठीत म्हणाली, "अरे, बघायला आलेल्या मंडळींसारखं काय चाललंय तुमचं? त्या मुलाला कुठे जायचंय ते विचारलं का कुणी?"

विचारत नाहीत. ज्याचा क्रमांक लागेल त्या शहरात जायचं, एवढंच. २००४मध्ये एली मॅनिंगने सॅन डिएगो नको म्हणून सांगितलं आणि न्यूयॉर्कला गेला, पण तसं म्हणायला पाठीशी क्वार्टरबॅकचं मॅनिंग घराणं लागतं. मार्शलच्या मुलाने असं म्हणायचं नसतं. मी बायकोला एवढंच म्हणालो, "पद्धतच आहे." ती आत गेली. आजोबांनी विचारलं ती काय म्हणाली, मी त्यांना सांगितलं, आणि त्या संध्याकाळी मग कुणी फारसं बोललं नाही.

२९ एप्रिल. संध्याकाळी पाचला क्लीव्हलंडहून प्रक्षेपण. मी गॅरेजमधून वायर ओढून टीव्ही बाहेर आणला होता. लॉरेन्स झाला, विल्सन झाला. लेकीने डोळ्यांवर हात धरले, बोटांमध्ये फट ठेवून. ट्रे लान्सचं नाव आलं. मी उडीच मारली. घसा बसेपर्यंत ओरडलो. मग बाजूला बघितलं तर लेक हातांची घडी घालून बसली होती आणि आजोबा उठून माझ्याकडे हात पुढे करत होते. "आता तो आपला," ते म्हणाले. लेकीला म्हणाले, "आता भांडण संपलं. आता तो तुझाही." अकराव्या क्रमांकाला शिकागोने फील्ड्सला घेतलं, पंधराव्याला न्यू इंग्लंडने मॅकला. आठवड्याने मी पाच नंबरची लाल जर्सी मागवली.

पुढचं सगळं भराभर घडलं. पहिलं वर्ष तो बहुतेक बाकावरच होता. दुसऱ्या वर्षी संघ त्याच्या हाती दिला. पहिलाच सामना शिकागोत, भर पावसात, समोर फील्ड्स! आमच्या ड्राइव्हवेवरचं भांडण त्या दिवशी खरोखर मैदानात उतरलं होतं. आम्ही १९-१० हरलो. लेकीला आनंद लपवता येत नव्हता आणि दाखवायचाही नव्हता.

आणि पुढच्या रविवारी, १८ सप्टेंबरला, सिएटलविरुद्ध. पहिलाच क्वार्टर चालू होता. चेंडू घेऊन तो मधून घुसला, दोघं-तिघं अंगावर पडले. ते बाजूला झाले तेव्हा तो उठला नाही. डॉक्टरांनी उजव्या पायाभोवती फुगवायचा आधार बांधला. गाडी आत आली. दोन्ही संघांचे खेळाडू एकेक करून त्याच्यापाशी येऊन खांद्याला हात लावून जात होते. घोटा मोडला होता. तो बावीस वर्षांचा होता. मी टीव्हीचा आवाज बंद केला. डोळ्यांसमोर ते इंच आणि सेकंद येत होते, आम्ही ड्राइव्हवेवर मोजलेले.

डिसेंबरमध्ये गॅरोपोलोचाही पाय मोडला आणि तिसरा मुलगा आला, ब्रॉक पर्डी. २०२२च्या ड्राफ्टमधला २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा. त्याच्यावरून आमच्या खुर्च्यांवर एक वाक्यही झालं नव्हतं. त्या दिवशी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत आम्ही टीव्ही लावलाही नव्हता. आणि त्याने संघ उपांत्य फेरीपर्यंत नेला. तिथे फिलाडेल्फियात त्याच्या कोपराचा अस्थिबंध फाटला, तो आता बरा झाला आहे. संघ त्याचा आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे मला या दोन वर्षांत कळलं.

नायनर्ससाठी ट्रेने सुरुवातीपासून खेळलेले सामने एकूण चार. पास १०२. पहिल्या फेरीचे तीन हक्क, आणि १०२ पास.

रात्री आजोबांचा फोन आला. ते आता मुलीकडे सॅक्रामेंटोला राहतात. मला वाटलं, मॅकबद्दल काहीतरी म्हणतील. त्यांनी विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मग म्हणाले, एक गोष्ट लक्षात आली का? आम्ही दिलेला बारावा क्रमांक मायामीकडून फिलाडेल्फियाकडे आणि तिथून डॅलसकडे गेला होता. डॅलसने त्यावर मायका पार्सन्स घेतला, आज अख्ख्या लीगला धडकी भरवणारा. म्हणजे आम्ही जे दिलं ते आणि ज्याच्यासाठी दिलं तो, दोघंही आता एकाच ड्रेसिंग रूममध्ये. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. फोन मात्र कुणी ठेवला नाही.

लेकीने मगाशी येऊन आणखी एक सांगितलं. डॅलसचं सरावाचं मैदान टेक्सासात फ्रिस्कोला आहे. सोळावा सामना, तो विजेतेपदाचा, ट्रे फ्रिस्कोलाच जिंकला होता. "म्हणजे त्याला ते गाव माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. मला ते ऐकून बरं वाटलं, तिने ते शोधून काढलं म्हणून जास्तच.

आता टीव्हीवर चार्जर्सविरुद्धचा सरावाचा सामना चालू आहे, आवाज बंद. बायकोने कपाट आवरताना लाल जर्सी बाहेर काढून विचारलं, देऊन टाकायची का. मी नको म्हणालो.

८ ऑक्टोबरला डॅलस इथेच, सॅंटा क्लाराला खेळायला येणार आहे. मी जाणार, आणि पाच नंबरची जर्सी घालून जाणार. हे सांगितलं तेव्हा लेक क्षणभर माझ्याकडे बघत राहिली.

"मी पण येते," ती म्हणाली. "पण माझी पर्डीची, तेरा नंबरची. आणि ट्रे मैदानावर आला की आपण दोघांनी उभं राहायचं."